रोजच्या वापरातल्या स्विफ्टला टर्बो बसवायचा तर काय काय बदलावं लागतं?

मारुती स्विफ्ट. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेलं तिसऱ्या पिढीचं मॉडेल, १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन, ८३ पीएस ताकद आणि ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. शहरात चपळ, हायवेवर बरी. पण चार माणसं, डिकीत सामान आणि एसी चालू असताना खंबाटकी घाटात समोर ट्रक आला की गिअर दोन पायऱ्या खाली आणावा लागतो. अशा वेळी अनेकांच्या डोक्यात एकच विचार येतो, याला टर्बो लावला तर?

युट्यूबवर हे काम सोपं दिसतं. टर्बो आला, पाइप वेल्ड झाले, ईसीयू रिमॅप झाला आणि गाडी सुटली. प्रत्यक्षात टर्बो हा या सगळ्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. शनिवार-रविवारी ट्रॅकवर नेण्याच्या गाडीचं एकवेळ जमून जातं. रोज सकाळी ऑफिसला आणि मे महिन्यात गावाला जाणाऱ्या गाडीचं गणित मात्र वेगळं असतं. त्यात भारतात कायद्याचा मोठा अडसर आहे. तो पुढे येईलच, आधी यंत्राचं बघू.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनाची ताकद पेट्रोलवर अवलंबून असते असं वाटतं. खरी मर्यादा हवेची असते. सिलिंडरमध्ये जेवढी हवा शिरेल तेवढंच पेट्रोल नीट जळणार. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे वाया जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. छोट्या टर्बोचं हे चाक मिनिटाला २ लाखांहून जास्त फेरे घेऊ शकतं. हवेचा हा जादा दाब म्हणजे बूस्ट.

कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. प्रवासी कारमध्ये ती यायला मात्र १९६२ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर अशा दोन टर्बो गाड्या बाजारात आणल्या.

यातल्या जेटफायरची गोष्ट आज स्विफ्टला टर्बो लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. तिच्या ३.५ लिटरच्या व्ही-८ इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ होता, म्हणजे टर्बोच्या मानाने खूपच जास्त. इंजिन नॉक होऊ नये म्हणून कंपनीने एक वेगळी टाकी दिली. त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मेथॅनॉलचं मिश्रण भरायचं, बूस्टच्या वेळी ते आत फवारलं जायचं. नाव होतं ‘टर्बो-रॉकेट फ्लुइड’. टाकी रिकामी झाली तर बूस्ट कमी करणारी यंत्रणासुद्धा होती.

कागदावर सगळं चोख होतं, पण लोक टाकी भरायला विसरायचे. कित्येकांनी गाडी इतक्या हळू चालवली की टर्बो वापरलाच गेला नाही आणि जाम झाला. गाडी दोन वर्षांत बंद पडली. १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली आणि बऱ्याच मालकांनी ती घेतली. इंजिनिअरिंग चुकलं नव्हतं. रोजच्या वापरातला माणूस कसा वागतो, हे गृहीत धरलेलं नव्हतं.

नॉकिंग: सगळा खेळ इथेच आहे

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीने मिश्रण पेटतं आणि ज्वाळ एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकते. दाब आणि तापमान प्रमाणाबाहेर गेलं तर ज्वाळ पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटतं. बाहेरून ऐकलं तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. साध्या इंजिनात ते त्रासदायक असतं, टर्बो इंजिनात ते काही सेकंदांत पिस्टनची कड फोडू शकतं.

नॉकिंगला चार गोष्टी कारणीभूत ठरतात. कॉम्प्रेशन रेशो, बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि पेट्रोलचा ऑक्टेन. स्विफ्टच्या या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो ११च्या आसपास आहे, म्हणजे जेटफायरपेक्षाही जास्त. मायलेजसाठी हे उत्तम, टर्बोसाठी अडचणीचं.

मग रेशो कमी का करू नये? गॅरेजमधला सोपा उपाय म्हणजे जाड हेड गॅस्केट. आता आकडे बघा. या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७१.५ मिलिमीटर. एका सिलिंडरची क्षमता साधारण २९९ सीसी. रेशो ११ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा ३० सीसी. तो ९.५ वर आणायचा तर ही जागा ३५ सीसीच्या थोडी पुढे न्यावी लागते. त्यासाठी गॅस्केट सव्वा मिलिमीटरने जाड करावं लागेल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पिस्टन आणि हेडच्या कडेची ती अरुंद फट मुद्दाम ठेवलेली असते. पिस्टन वर येताना त्या फटीतून मिश्रण मध्याकडे जोरात फेकलं जातं आणि पटकन जळतं. फट रुंदावली की जळणं मंदावतं आणि नॉकिंगची शक्यता वाढते. म्हणजे ज्या कारणासाठी गॅस्केट बदललं, तेच कारण पुन्हा दारात उभं. नीट काम करायचं तर कमी उंचीचे फोर्ज्ड पिस्टन हवेत, आणि पिस्टन बदलायचे म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं.

इंजिन उघडायचं नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे बूस्ट अगदी माफक ठेवणं. रोजच्या गाडीसाठी अर्ध्या बारच्या आत राहणं शहाणपणाचं.

अर्ध्या बारमध्ये किती ताकद मिळते?

१,१९७ सीसीचं इंजिन ६,००० आरपीएमला सिद्धांतानुसार मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा घेतं, प्रत्यक्षात त्याच्या ८५ टक्के धरा. अर्धा बार बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब. पण दाबली की हवा तापते, आणि तापली की विरळ होते. बाहेर ४० अंश तापमान असेल आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर हवा ९५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. नागपुरात ४५ अंशांच्या दुपारी हाच आकडा शंभरी ओलांडतो. एवढी गरम हवा थेट इंजिनात सोडणं म्हणजे नॉकिंगला आमंत्रणच.

म्हणून इंटरकूलर. तो हवा ५५ अंशांपर्यंत खाली आणू शकला, तर इंजिनात शिरणारी हवा वजनाने सुमारे ४३ टक्के वाढते, म्हणजे मिनिटाला साधारण पाच किलो. ट्यूनर लोकांचा ठोकताळा सांगतो की दर किलोमागे २० ते २२ हॉर्सपॉवर. उत्तर येतं ११०च्या घरात. ८३ वरून ११० म्हणजे २७ पीएसची वाढ, आणि मधल्या आरपीएमला टॉर्क १५० न्यूटन-मीटरच्या पुढे.

ही वाढ लहान नाही. स्विफ्टचं वजन नऊशे किलोच्या आत आहे, त्यामुळे फरक पहिल्याच ओव्हरटेकला जाणवेल. घाटमाथ्यावर तर आणखी. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी असतो, तिथे साधं इंजिन दमतं आणि टर्बो ती तूट बऱ्यापैकी भरून काढतो. पण दोनशे पीएसची स्वप्नं पाहणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं. ते शक्य आहे, फक्त त्यानंतर ती गाडी रोज वापरायची राहत नाही.

आणि घाटाची दुसरी बाजूही आहे. इंटरकूलरला थंड ठेवणारा वारा गाडी पळत असताना लागतो. ट्रकच्या मागे पंधराच्या स्पीडने चढताना इंजिनावर भार असतो आणि वारा नसतो. डायनोवर पंख्यासमोर छान दिसलेले आकडे इथे टिकतीलच असं नाही. त्यामुळे आत येणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आणि तापमान वाढलं की ठिणगीची वेळ मागे घेणारं ट्यूनिंग, या दोन गोष्टी रोजच्या गाडीत टाळता येत नाहीत.

कुर्ल्याचा टर्बो चालेल का?

इथे बरेच जण पैसे वाचवायला जातात. डिझेल स्विफ्टचं १.३ लिटर इंजिन टर्बोवालं होतं, ते आता मोडीत निघतंय. साइज जवळपास तेवढीच, मग कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून तो टर्बो उचलला की काम झालं?

तसं होत नाही. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या पुढे जातो आणि डिझेलसाठी घडवलेला टर्बाइनचा भाग ती उष्णता सतत सोसेल याची खात्री नसते. शिवाय डिझेलचं ते इंजिन पेट्रोलइतकं वर फिरत नाही. त्याचा टर्बो पेट्रोलवर लावला तर खाली लवकर जागा होतो आणि वरच्या आरपीएमला इंजिनाचा घसा आवळतो. काही जणांनी हे करून गाड्या चालवल्या आहेत, नाही असं नाही. पण वापरलेल्या टर्बोचा दांडा किती झिजलाय हे बाजारात हाताने हलवून कळेल तेवढंच कळतं.

नवा घ्यायचा तर छोटाच घ्यावा. गॅरेटचा जीटी १२४१ हा मॉडेल नेमका सव्वा लिटरपर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. प्रत्येक चांगल्या टर्बोबरोबर कंपनी कॉम्प्रेसर मॅप देते. कोणत्या दाबाला किती हवा तो नीट पुरवेल याचा हा नकाशा. वर काढलेले दोन आकडे, दीडपट दाब आणि मिनिटाला पाच किलो हवा, या नकाशाच्या मधल्या पट्ट्यात बसले पाहिजेत. डावीकडे गेले तर हवा उलटी फिरते आणि बेअरिंगला हादरे बसतात, उजवीकडे गेले तर टर्बो नुसती हवा तापवतो. जो मेकॅनिक हा नकाशा न बघता ‘हा टर्बो बसतो’ म्हणतो, तो बोल्टबद्दल बोलत असतो.

मोठ्या टर्बोचा मोह शहरात फार त्रास देतो. ४,००० आरपीएमपर्यंत काहीच होत नाही आणि मग एकदम ढकललं जातं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ४,००० आरपीएम दिसतो कधी? (ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या ‘फिस्स’ आवाजासाठी टर्बो लावणारेही आहेत. त्या आवाजाने ताकद एका पीएसनेही वाढत नाही.)

टर्बोला इंजिनाचंच ऑइल लागतं. ते दाबाने आत जातं, पण परत चेंबरमध्ये फक्त उताराने येतं. टर्बो खाली बसवला किंवा परतीचा पाइप आडवा गेला तर ऑइल साचतं, सीलमधून गळतं आणि गाडी निळा धूर सोडते. कस्टम कामातल्या निळ्या धुराचं कारण बऱ्याचदा हा एक पाइप असतो आणि दोष मात्र टर्बोला दिला जातो. ऑइल बदलण्याचं अंतरही निम्म्यावर आणावं लागतं.

पेट्रोल आणि ईसीयू

भारतात वर्षानुवर्षं साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता. २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ झाल्याचं केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मायलेज घटण्यावरून ई-२० वर खूप टीका झाली, पण टर्बोच्या दृष्टीने पाहिलं तर इथेनॉल मित्र आहे. ते नॉकिंग रोखतं आणि वाफ होताना आतली हवा थंडही करतं. फक्त पेट्रोल जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा पुरते, ई-२०ला साधारण १३.५ किलोच. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंजेक्टरला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. आपल्या हिशेबात प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला १८० सीसीच्या आसपासचा हवा. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि सील ई-२०साठी बनलेले नसण्याचीही शक्यता आहे. मारुतीच्या एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई-२०साठी तयार आहेत, ही स्विफ्ट त्याआधीची असेल तर ते आधी तपासावं.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरांत काही पंपांवर मिळतं आणि बरंच महाग असतं. त्यावर ट्यूनिंग करून घेतलं आणि रात्री अकराला आंबोलीच्या अलीकडे टाकी संपली तर? रोजची गाडी नेहमी सगळ्यात वाईट पेट्रोलवर ट्यून करावी, असं अनुभवी ट्यूनर सांगतात ते याचमुळे.

ईसीयूचा प्रश्न वेगळा. स्विफ्टचा मूळ सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंतच मोजण्यासाठी आहे. बूस्ट आला की तो सर्वात वरच्या आकड्यावर अडकतो आणि ईसीयूला वाटतं की हवा वाढलीच नाही. पेट्रोल तेवढंच जातं, मिश्रण कोरडं पडतं आणि पिस्टन वितळतो. म्हणून जास्त दाब मोजणारा सेन्सर आणि त्यानुसार नवं मॅपिंग लागतं. मूळ ईसीयूला फसवणारा ‘पिगीबॅक’ बॉक्स स्वस्त पडतो. स्वतंत्र ईसीयू चांगला, पण मग इमोबिलायझर, एसी, मीटरवरचे दिवे हे सगळं नव्याने जुळवावं लागतं. वीकेंडच्या गाडीत एसी बंद राहिला तर चालतं. रोजच्या गाडीत घरचे बसायला तयार होत नाहीत.

कंपनीने स्वतः काय केलं होतं?

बाकीचे भाग किती बदलावे लागतात याचं उत्तर सुझुकीनेच देऊन ठेवलंय. मार्च २०१७ मध्ये आलेल्या बलेनो आरएसमध्ये एक लिटरचं टर्बो इंजिन होतं. साध्या बलेनोच्या इंजिनाला टर्बो जोडून ते झालेलं नव्हतं. तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन रेशो १०, असं इंजिनच वेगळं घेतलं. मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले. युरोपात हेच इंजिन १११ पीएस आणि १७० न्यूटन-मीटर देत होतं, भारतात ते १०२ पीएस आणि १५० न्यूटन-मीटरवर आणलं. इथलं इंधन लक्षात घेऊन हे केल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. जपानमधल्या स्विफ्ट स्पोर्टच्या १.४ लिटर टर्बोचा रेशोसुद्धा ९.९ आहे.

ज्यांच्याकडे टेस्ट बेंच आणि शेकडो इंजिनिअर आहेत त्यांनी १०२ पीएसवर हात आखडता घेतला. गल्लीतल्या गॅरेजमध्ये ११ रेशोवर १४० पीएसची खात्री कोणी देत असेल, तर ती खात्री किती हजार किलोमीटरची हे विचारायला हवं.

क्लच बदलावाच लागेल. पेट्रोल स्विफ्टचा गिअरबॉक्स ११३ न्यूटन-मीटरचं काम करत आलाय, तो १५० किती काळ ओढेल हे चालवणाऱ्याच्या पायावर आहे. मागचे ब्रेक ड्रमच आहेत.

आणि आता कायदा

मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सीएनजी किटला वाट आहे, कारण ते मंजूर प्रकारचं असतं आणि आरसीवर चढतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवत हे कलम आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेले पार्ट बसवून बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘इंजिन नंबर तोच, सीसी तेच, मग आरसीत बदल कुठे झाला?’ असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. पण गाडीचं मॉडेल रस्त्यावर येतं तेच पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांनी तपासून मंजूर केल्यावर, त्यात धुराचं प्रमाणही आलं. टर्बो लावलेलं इंजिन हे मंजूर झालेलं इंजिन राहत नाही. पीयूसी पास होणं हाही पुरावा नाही, कारण त्या तपासणीत गाडी उभी असते आणि बूस्ट शून्य असतो. एका गाडीसाठी हाताने जमवलेल्या टर्बोला मंजुरी मिळवण्याची व्यवहारात वाट नाही.

खरा धोका दंडाच्या पुढे आहे. बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीचा दावा नाकारला जाऊ शकतो. अपघातात दुसऱ्याला इजा झाली असेल तर प्रकरण आणखी वाढतं. अटींचा भंग सिद्ध झाला तर कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालयं देतात. ती रक्कम टर्बोच्या खर्चाच्या कितीतरी पट असू शकते. मंजुरी नसलेला बदल विमा कंपनीला कळवायचा तरी कसा, हाही पेच आहेच.

मग उरतं काय?

ट्रॅकसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्यांना हा सगळा प्रकल्प करता येतो. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिथे गाडी ट्रेलरवर न्यायची. तिथे आरसीचा प्रश्न येत नाही आणि नॉकिंगने इंजिन गेलं तरी सोमवारी ऑफिसला जायला दुसरी गाडी असते.

रोजच्या गाडीतच टर्बो हवा असेल तर कंपनीने बसवलेला घेणं स्वस्त पडतं. सेकंड हँड बाजारात बलेनो आरएस आहे, ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटरची पोलो १.० टीएसआय आहे, ह्युंदाई आय-२० एन लाइन १२० पीएस देते. स्विफ्ट विकून येणारे पैसे आणि पिस्टन, टर्बो, ईसीयू, क्लच, मजुरी यांचा अंदाज एका कागदावर मांडला की बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. अशी गाडी बघायला जाताना सकाळी, इंजिन थंड असताना जावं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत जावं. सुरू करताना निळा धूर येतो का, ऑइल बदलल्याच्या नोंदी किती किलोमीटरला आहेत आणि ईसीयू रिमॅप झालाय का, हे तीन प्रश्न किंमत बोलण्याआधी विचारावेत.